सत्तावीस ते चौतीस

आधीच सांगते, ही घडलेली गोष्ट आहे. नावं तेवढी बदलली आहेत, कारण यातली माणसं माझ्याकडे कान तपासायला येतात आणि पेशंटची नावं चव्हाट्यावर मांडणं मला शोभणार नाही. बाकी सगळं जसंच्या तसं. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, खाली येऊन 'कैच्या कै' लिहू नये. वाद घालायचा मला आता खरंच कंटाळा आलाय.

मी अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार उत्तरेला राहते. नदी ओलांडली की कॅनडा. चोवीस वर्षं झाली इथे. गावात कान तपासणारी मी एकटीच, त्यामुळे कोणाला काय ऐकू येतं आणि काय येत नाही, हे त्यांच्या नवऱ्या-बायकांच्या आधी मला कळतं.

ओडीलचं असंच कळलं होतं मला.

ओडील सीर. वय त्रेसष्ट. तीस वर्षं शाळेची बस चालवली तिने. आवाज असा की मागच्या बाकावरचं पोरगं सुद्धा गप्प बसायचं. आणि दर जूनमध्ये ती पक्षी मोजायची. पगार नाही, पेट्रोलचा खर्चसुद्धा स्वतःचा. निव्वळ हौस.

आमच्याकडे या मोजणीला लोक फार मानतात. एक ठरलेला रस्ता असतो, त्यावर अर्ध्या अर्ध्या मैलावर पन्नास थांबे. सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी पहिल्या थांब्यावर उभं राहायचं. प्रत्येक ठिकाणी बरोब्बर तीन मिनिटं. दिसले, ऐकू आले तेवढे पक्षी सांगायचे. बरोबरच्याने लिहून घ्यायचे. झालं, की गाडी पुढे.

नियम मात्र कडक. मोजणारा एकच. लिहिणाऱ्याने 'तो बघ' म्हणायचं नाही, बोट दाखवायचं नाही. स्वतःच्या कानाने ऐकलं तेच खरं.

आणि ओडीलचे कान जात होते.

वरचे बारीक सूर आधी जातात. माणसांचं बोलणं नीट कळतं, फोन कळतो, पण एखाद्या लहान पाखराचा धाग्यासारखा आवाज एक दिवस नाहीसा होतो. तिच्या रस्त्यावर पूर्वी केशरी गळ्याचा वटवट्या पुष्कळ. स्प्रूसच्या झाडाच्या शेंड्यावर बसून गातो तो. सी-सी-सी-सी... आणि शेवटचा सूर इतका बारीक की सुईचं टोक. पूर्वी तिला एका सकाळी चाळीस-पन्नास सापडायचे. मग वीस. मग सात. आदल्या वर्षी एक.

"पक्षी कमी झाले की माझे कान?" तिने मला विचारलं होतं. "हेच मला कळत नाही गं, आणि त्यानेच माझं डोकं फिरायची वेळ आलीय. मी चुकीचं लिहीत असेन तर एकोणीस वर्षांच्या मेहनतीवर मीच पाणी ओततेय."

मी तिला तिच्या कानांचा आलेख दाखवला. चार हजार हर्ट्झच्या वर, म्हणजे बारीक सुरांपाशी, रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "यंदा एक शेवटचं बघते. जुन्या जंगलात, सत्ताविसाव्या थांब्यापासून पुढे, तिथे तो नक्की असतो. तिथेही ऐकू आला नाही तर रस्ता सोडीन."

तिच्या दृष्टीने त्या रस्त्यापेक्षा मोठं काहीच नव्हतं, हे एवढं लक्षात ठेवा.

पण त्या वर्षी रस्ता तिला पूर्णच करता येईना. पहिल्यांदा गेली तर सहाव्या थांब्यावर वारा सुटला. वाऱ्यात मोजलेलं चालत नाही, आली परत. दुसऱ्यांदा बाराव्यावर गाडीचा रेडिएटर फुटला. तिसऱ्यांदा पाऊस. त्यात नवऱ्याच्या, नॉर्मंडच्या, गुडघ्याचं ऑपरेशन. इतकी वर्षं तोच गाडी चालवायचा, तोच लिहायचा.

उरला शेवटचा दिवस. ७ जुलै २०१३, रविवार. मोजणीचं ऑफिस त्यानंतरचे आकडे घेत नाही.

आणि बरोबर कोण? नणंद. जर्मेन.

जर्मेन मनाने सोन्यासारखी. पण तिचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं, असं तिचा सख्खा भाऊच म्हणतो.

पहाटे चारला दोघी निघाल्या तेव्हा धुकं पडलं होतं. साधं नव्हे, गाडीचं बॉनेट दिसेना असं. धुक्यातही मोजायचं नसतं. ओडीलने स्टिअरिंगवर मूठ आपटली.

"लिही, हलकं धुकं," ती म्हणाली.

"हलकं?" जर्मेन म्हणाली. "अगं, मला माझे पाय दिसत नाहीयेत."

"तुझे पाय कोणाला मोजायचेत? लिही!"

पहिल्या थांब्यापासूनच गाडी चालवायला जर्मेन बसली. ओडील उतरायची, गळ्यातलं स्टॉपवॉच दाबायची, उभी राहायची. लाल डोळ्यांचा व्हिरिओ, दोन. रॉबिन, तीन. पांढऱ्या गळ्याची चिमणी, एक. तिकडे जर्मेन गाडीत बसून घरून आणलेले प्लॉय खात होती. कुट्टूच्या पिठाचं घावन म्हणा ना. ते कागदात गुंडाळलेले, आणि प्रत्येक घासाला कागद चुरचुरायचा.

"जर्मेन!"

"भूक लागलीय गं. कोण उठतं चारला?"

अकराव्या थांब्यावर जर्मेनने कहर केला. खिडकीतून हात काढून म्हणाली, "अगं तो ऐक ना, वर, किती गोड बारीक ओरडतोय!"

ओडीलला काहीच ऐकू येत नव्हतं.

तळपायाची आग मस्तकाला गेली तिच्या. एक तर नियम मोडला. आणि त्याहून वाईट म्हणजे जर्मेनला, जिला कावळा आणि कबूतर यांतला फरक कळत नाही, तिला ऐकू आलं होतं. हिला नाही.

"आता जर पक्ष्यांबद्दल एक शब्द काढलास," ओडील दात-ओठ खाऊन म्हणाली, "तर तिथेच उतरवीन. चालत जा घरी. मी सांगेन ते लिहायचं. मी सांगेन तेवढंच. कळलं?"

"कळलं," जर्मेन म्हणाली. फुगलीच ती. त्यानंतर तिने खरंच तोंड उघडलं नाही.

पुढचे पंधरा थांबे ओडील मनातल्या मनात धुमसत होती. डास चावत होते. मानेवर, मनगटावर, पापणीवर. आमच्याकडचे डास म्हणजे काय ते इथे जुलैत राहिल्याशिवाय कळायचं नाही. आणि बारीक सूर एकही नाही. एकही.

सकाळचे सात वाजून गेले होते. सूर्य वर आला असणार, पण सगळीकडे नुसता पांढरा उजेड. रस्त्याच्या कडेचं गवत दिसत होतं. त्यापुढे काही नाही.

सत्ताविसावा थांबा.

ओडील उतरली. दार हळूच लावलं.

स्टॉपवॉच दाबलं.

आणि...

सी-सी-सी-सी-सीईई.

ती जागच्या जागी थिजली.

पुन्हा. उजवीकडून, वरून. मग डावीकडून दुसरा. मग तिसरा. तो शेवटचा, सुईच्या टोकासारखा सूर सुद्धा. चार वर्षांत तिने तो इतका स्पष्ट ऐकला नव्हता.

"केशरी गळ्याचा वटवट्या," ती म्हणाली. "चार. नाही... सहा. सहा लिही. सोनेरी तुऱ्याचा किंगलेट, तीन."

किंगलेट तर आणखी बारीक गातो. तो ऐकायची आशा तिने कधीच सोडली होती.

जर्मेन तिच्याकडे बघत होती. पेन कागदावर टेकलेलं, हलत नव्हतं.

"लिही ना गं!"

जर्मेनने लिहिलं.

तीन मिनिटं झाली. स्टॉपवॉच वाजलं.

आणि सगळं एकदम थांबलं.

पक्षी गाता गाता गप्प होतात, त्यात नवल नाही. पण इथे सूर अर्ध्यात तुटला. सगळ्यांचा. एकाच क्षणी. ओडीलच्या ते ध्यानात आलं, नाही असं नाही. पण आनंदच इतका झाला होता की तिने ते झटकून टाकलं.

अठ्ठाविसावा. वटवट्या, नऊ.

एकोणतिसावा. वटवट्या, आठ. कस्तुर, पाच.

तिथे तिला दुसरी गोष्ट जाणवली. डास नव्हते. एकही नाही. उघड्या हातावर, मानेवर, कुठेच नाही. गाडीचं इंजिन बंद केलं की गार होताना टक टक करतं, तेही ऐकू येत नव्हतं. पायाखालची खडीसुद्धा वाजत नव्हती. दाट कापसात उभं राहावं तसं.

फक्त पक्षी.

आणि ते घड्याळ दाबलं की सुरू होत होते... घड्याळ वाजलं की संपत होते.

तिसाव्यावर तिने मुद्दाम घड्याळ दाबायच्या आधी थोडं थांबून बघितलं. शांतता. मग दाबलं. बोट उचलायच्या आत वरून सूर आला. जणू कोणी तिच्या बोटाकडेच बघत बसलं होतं.

पण ती म्हणाली, "वटवट्या, नऊ." जर्मेनने मान खाली घालून लिहिलं.

चौतिसाव्यापर्यंत तसंच चाललं. पस्तिसाव्यावर डास आले. एक चिकडी पाखरू बोललं, लांबून ट्रक गेला. बारीक सूर गेले. पुढचे पंधरा थांबे ओडीलने नेहमीसारखे केले, पण तोंडावरचं हसू जाईना. साडेनऊला पन्नासावा थांबा झाला तेव्हा तिने जर्मेनला मिठी मारली.

"माझे कान ठीक आहेत! बघितलंस? ती कानाची डॉक्टरीण काहीही सांगते. मशीनच बिघडलंय तिचं!"

(ती मीच. जाऊ दे.)

"घरी जाऊ," एवढंच जर्मेन म्हणाली.

परतीचा रस्ता तोच. धुकं निवळत होतं. ओडील आता स्वतः गाडी चालवत होती आणि शिट्टीवर कसलं तरी गाणं वाजवत होती. चौतिसाव्या थांब्याचं वळण घेतलं...

आणि तिने ब्रेक मारला.

जंगल नव्हतं.

दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथपर्यंत, खुंट. राखाडी, वाळलेले खुंट. मध्ये वाळक्या फांद्यांचे ढीग आणि यंत्रांच्या चाकांचे खोल चर. एक झाड उभं नव्हतं. लाकूड कंपनीने हिवाळ्यात, बर्फ असतानाच, सगळं साफ केलं होतं. ओडील त्या वर्षी बाराव्या थांब्याच्या पुढे आलीच नव्हती, तिला कळणार कसं?

ती खाली उतरली. उन्हात डोळे बारीक करून बघत राहिली. झाडांची रांग दिसत होती, पण पार क्षितिजाला. दोन मैल तरी असेल.

"मग मी काय ऐकलं?" ती म्हणाली.

जर्मेन गाडीतच बसून होती.

"ओडील," ती म्हणाली, "तिथे काहीच नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नव्हतं! सत्ताविसाव्यापासून. एकसुद्धा पक्षी नाही. रॉबिन नाही, कावळा नाही, किडा नाही. मला वाटलं माझेच कान गेले. मी टिचक्या वाजवून बघितल्या कानाजवळ. त्या ऐकू येत होत्या. बाहेर काहीच नव्हतं. आणि तू रस्त्यात उभी, तोंड उघडं, मान इकडून तिकडे वळवत... नऊ म्हणायचीस, आठ म्हणायचीस..."

"मग बोलली का नाहीस?" ओडील ओरडली.

"तूच म्हणालीस!" जर्मेनही ओरडली. तिला रडू फुटलं. "तूच म्हणालीस एक शब्द काढलास तर उतरवीन! नियम आहे म्हणालीस! आणि... आणि तू इतकी खुश होतीस गं. तीन वर्षांत तुला असं बघितलं नव्हतं. मी काय बोलणार होते?"

ओडीलने कपाळावर हात मारला. नियमाप्रमाणे जर्मेनचं एका अक्षरानेही चुकलं नव्हतं.

मग तिचा हात गळ्यातल्या स्टॉपवॉचकडे गेला.

"नको," जर्मेन म्हणाली. "ओडील, नको. दाबू नकोस."

पण बाई हट्टी. आयुष्यभर हट्टी. रागाच्या भरात तिने रस्त्याच्या मधोमध, भर उन्हात उभं राहून बटण दाबलं.

सी-सी-सी-सी-सीईई.

वरून. साठ फुटांवरून, जिथे पूर्वी शेंडे होते तिथून. तिने मान वर केली. निळं आकाश. ढगसुद्धा नाही. आणि त्या रिकाम्या जागेत एक गात होता, दुसरा गात होता, पंधरा गात होते. तिला एकेकाची जागा बोट ठेवून दाखवता आली असती. तिथे काहीच नव्हतं.

मग एक सूर थोडा खाली आला.

मग दुसरा.

झाडावरून पक्षी फांदी फांदी उतरावा तसे ते उतरत होते. तीस फूट. दहा फूट. डोक्याच्या उंचीवर. आता ते तिच्या चारी बाजूंना होते, हात लांब केला तर लागतील इतके जवळ. आणि शेवटचा तो बारीक सूर आता गोड राहिला नव्हता. कानात घुसत होता.

तिने झटकन घड्याळ बंद केलं. एक मिनिट चाळीस सेकंद झाले होते.

ते थांबले नाहीत.

ओडील धावत गाडीत घुसली. काचा वर केल्या. जर्मेन विचारत होती, "काय झालं? काय झालं गं?" आणि ओडीलला तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. गाडीच्या आत, दोघींच्या मध्ये, ते गातच होते. सात मैलांनंतर डांबरी रस्ता लागला, तेव्हा कुठे ते बंद झालं.

तीन दिवस तो कागद ओडीलच्या स्वयंपाकघरात टेबलावर पडून होता.

ती माझ्याकडे आली. मी पुन्हा तपासलं. रेघ तिथेच, उलट आणखी खाली. "ओडील, हा पक्षी तुला ऐकू येणं शक्य नाही," मी तिला सांगितलं. "कानातून तरी नाही." ती खुर्चीत बसून नुसती चिडत राहिली. माझ्यावर, जर्मेनवर, लाकूड कंपनीवर, सगळ्यांवर.

"सांग ना मग काय लिहू?" ती म्हणाली. "नियम म्हणतो, कानाने ऐकलं ते लिही. माझ्या कानाने नऊ ऐकले. पण तिथे झाडच नाही. नऊ लिहिलं तर ते जंगल अजून उभं आहे असं होईल. उद्या कोणी बघेल आणि म्हणेल, छान चाललंय की सगळं! एकोणीस वर्षं मी एकही आकडा खोटा लिहिला नाही गं."



शेवटी तिने सत्तावीस ते चौतीस खोडलं. आठही थांब्यांवर शून्य लिहिलं. खाली टीप, 'जंगल पूर्ण तोडलेलं. पक्षी नाहीत.' सोबत तोडलेल्या जागेचे फोटोसुद्धा जोडले आणि पाठवून दिलं.

आठवड्याने मोजणीच्या ऑफिसातल्या वेंडेलचा फोन आला. तो भला माणूस. म्हणूनच जास्त राग आला तिला.

"ओडील, झाडं तोडली ते दिसतंय फोटोत," तो म्हणाला. "पण तोडलेल्या जागीही चिमण्या येतात, रॉबिन येतात. ओळीने आठ ठिकाणी शून्य? असं आजवर कोणीच पाठवलेलं नाही. आणि तुमचे आकडे काही वर्षं घसरतच चाललेत. तुम्ही कान तपासलेत का हल्ली?"



"माझी नणंद होती सोबत," ती म्हणाली. "तिला विचारा. तिचे कान ठणठणीत आहेत. तिलाही काही ऐकू आलं नाही."

"सोबतच्याचं धरता येत नाही. तुम्हाला माहितीये."

माहीत होतं तिला. तिनेच तर ते अकराव्या थांब्यावर जर्मेनला ठणकावून सांगितलं होतं.

रस्ता गेला. भिंतीवर लावायला एक प्रशस्तिपत्र आलं. ते तिने गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे टाकलं.

पुढच्या जूनमध्ये रस्ता कोरीनला दिला. कोरीन एकेचाळीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात नर्स. कान असे की मांजर लाजेल. मी स्वतः तपासले होते, ऑफिसला त्या वर्षीपासून कानांचा दाखला लागतो म्हणून. ती मोजणी करून आली आणि थेट ओडीलच्या ओट्यावर. खुशीत होती.

"काय रस्ता आहे हो तुमचा! सत्ताविसाव्यापासून पुढे तर कमाल. वटवट्यांचा नुसता बाजार भरला होता!"

ओडीलने हातातला कप खाली ठेवला.

"तू वर बघितलंस का?" तिने विचारलं.

"मोजताना मी डोळे मिटून घेते. नीट ऐकू येतं."

"आणि उघडल्यावर?"

कोरीन थोडी घुटमळली. "हां, तोडलंय तिथे. पण कडेला कुठेतरी झाडं असतील ना. आवाज लांबून येतो."

"दोन मैलांवरून? तो पक्षी? मूर्खासारखं बोलू नकोस. चल, आत्ता चल माझ्याबरोबर. त्या खुंटांत उभी राहा आणि मला एक वटवट्या दाखव. एक!"

कोरीनचं हसू मावळलं. "मी ऐकलं ते लिहिलं," ती म्हणाली. "नियमच आहे तो. आणि पाठवून पण दिलंय."

ऑफिस खूश झालं. 'तुटलेल्या जंगलातही पक्षी जुळवून घेत आहेत,' असं वेंडेलने सगळ्या मोजणाऱ्यांना पत्रात लिहिलं. आमच्या भागातले सगळ्यात जास्त केशरी गळ्याचे वटवटे आता त्या आठ थांब्यांवर आहेत. कागदोपत्री.

ते पत्र घेऊन ओडील माझ्या दाराशी आली. मला वाटलं रडेल. रडली नाही. पत्र मुठीत चुरगाळलं होतं तिने.

"खरं लिहिलं म्हणून माझा रस्ता गेला," ती म्हणाली. "नऊ लिहायला हवे होते गं मी. नऊ लिहिले असते तर आज तिथे मी उभी असते. निदान ऐकू तरी आलं असतं."

"तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना," ती म्हणाली. "पण इतर सगळीकडे मला काहीच ऐकू येत नाही."

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. ओडीलचं वय होतं, मनाचा खेळ म्हणून सोडून दिलं असतं.

पण गेल्या महिन्यात कोरीन आली होती. तिसऱ्यांदा मोजणी करून आली होती ती. चेहरा ओढलेला. "घरामागचे किंगलेट ऐकू येत नाहीत," म्हणाली. "बहुतेक कमी झालेत."

मी तिला खोलीत बसवलं. ती खोली पूर्ण बंद असते, बाहेरचा टाचणीएवढा आवाज आत जात नाही. कानांना हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. खालचे सूर तिने बरोबर पकडले. चार हजारांच्या वर गेले आणि ती नुसती बसून राहिली. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला. दाबेना. हुबेहूब ओडीलची रेघ. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, दोन्ही कानांना.

मी काचेतून तिच्याकडे बघितलं. कसं सांगावं कळेना. ऑफिसला कळवू नको म्हणून ही बाई माझे पाय धरणार, हेही दिसत होतं. मी मशीन बंद केलं. दिवा विझला. हेडफोनमध्ये आता काहीच जात नव्हतं.

आत कोरीनने डोळे मिटलेले होते.

आणि तिने बटण दाबलं...

मला वाटलं चुकून दाबलं गेलं. मी मशीन बघितलं. बंदच होतं.

तिने पुन्हा दाबलं. मान थोडी वर करून, छताकडे. मग डावीकडे वळून. मग एकदम भरभर, एकामागून एक. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

मी दार उघडायला उठले. खोटं कशाला सांगू, कडीवर हात ठेवून मी बराच वेळ बाहेरच उभी राहिले.